बोधचिन्ह कापडावर उतरवण्याआधी : सोलापूरच्या विद्यापीठाला आणि महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
कुलसचिव व जनसंपर्क विभाग, महाविद्यालयांचे प्राचार्य, खरेदी समित्या, क्रीडा संचालक आणि विद्यार्थी प्रतिनिधी, सोलापूर शहर व जिल्हा

विषय : टी-शर्ट, टॉवेल, चादर, मग, पेन अशा वस्तूंवर बोधचिन्ह छापताना, भरताना आणि विणताना घ्यायची काळजी

सप्रेम नमस्कार.

युवा महोत्सव, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, स्नेहसंमेलन, दीक्षान्त समारंभ, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. यातलं काहीही जवळ आलं की टी-शर्ट, टोप्या, टॉवेल, चादरी, मग आणि स्मृतिचिन्हांच्या ऑर्डरी निघतात, आणि सगळ्यांवर बोधचिन्ह हवं असतं. ज्या शहरात टॉवेल आणि चादर विणली जाते, गणवेश शिवले जातात, तिथे हे काम चोखच व्हायला हवं. तरी दर मोसमात अंडाकृती झालेली वर्तुळं दिसतात, धाग्याने बुजलेली अक्षरं दिसतात, जर्सीवर गुलाबी पडलेला पांढरा रंग दिसतो आणि काळ्या टी-शर्टवर चिन्हाबरोबर कागदाचा पांढरा चौकोनही छापून आलेला दिसतो.

हा बिघाड मशीनवर फार थोडा होतो. बहुतेक वेळा तो ऑर्डर देतानाच होऊन गेलेला असतो. प्रमाणपत्राच्या कागदासाठी काढलेलं चिन्ह जसंच्या तसं कापडावर, टेरीच्या (टॉवेलच्या कापडाच्या) लूपवर, म्हणजे धाग्याच्या उभ्या फासांवर, आणि पेनाच्या नळीवर लावा, असं सांगितलं जातं, आणि ते तिथे मावत नाही. मग कारागीर आपल्या अंदाजाने काहीतरी गाळतो, काहीतरी जाड करतो. प्रत्येक दुकानात हे वेगळं होतं आणि एका चिन्हाचे दहा चेहरे बाजारात फिरतात. म्हणून इथे भरतकाम, छपाई आणि यंत्रमागाचा व्यवसाय करणाऱ्या आमची मुख्य मागणी अशी : मालासाठी चिन्हाच्या वेगळ्या, सोप्या आणि मंजूर आवृत्त्या तुम्हीच काढून द्या. त्या कशा असाव्यात आणि का, ते पुढे लिहीत आहोत.

फाईल

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चिन्ह वाटेत दाबलं जातं आणि रेषांच्या कडेला राखाडी कण जमतात. लेटरहेडचं स्कॅन त्याहून वाईट, कारण कागदाचा पोत आणि शाईचा पसाराही त्यात येतो. संकेतस्थळाच्या वरच्या पट्टीतून उचललेलं चिन्ह तर अनेकदा दोनशे-तीनशे पिक्सेल रुंद असतं. छातीवरच्या ९ सेंमी रुंद छपाईला ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) हिशेबाने १०६३ पिक्सेल लागतात, पाठीवरच्या २८ सेंमीला ३३००च्या वर. तेवढे नसले की ऑपरेटर ‘ट्रेस’चं, म्हणजे फोटोवरून आपोआप रेषा काढायचं, बटण दाबतो. त्यात दिव्याची ज्योत थेंबासारखी होते, पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटतात आणि बोधवाक्यातले अनुस्वार गायब होतात.

हवी असते व्हेक्टर फाईल, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी साठवलेलं चित्र : सीडीआर, एआय, ईपीएस, एसव्हीजी किंवा व्हेक्टर पीडीएफ. जेपीजी चित्र पीडीएफमध्ये घालून पाठवलं म्हणून ते व्हेक्टर होत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. पीडीएफ उघडा, जमेल तेवढी मोठी करा. कड धारदार राहिली तर व्हेक्टर, चौकोन दिसू लागले तर फोटो. सीडीआर देणार असाल तर ती जुन्या आवृत्तीतही सेव्ह करून द्या, कारण बहुतेक दुकानांत कोरलड्रॉची जुनीच आवृत्ती असते आणि नवी फाईल तिथे उघडतच नाही. आणि फाईल डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवा.

मराठी अक्षरांचं दुखणं वेगळंच आहे. बरीच जुनी चिन्हं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये बसवलेली आहेत. तो फॉन्ट पुढच्या संगणकावर नसला की महाविद्यालयाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि खुणांचा कचरा दिसतो. त्यामुळे फाईल देण्याआधी सगळा मजकूर ‘कर्व्ह’ करायचा, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू. पण त्याआधी शुद्धलेखन तपासा. कर्व्ह झाल्यावर ते अक्षर राहत नाही, चित्र होतं, आणि एखादी वेलांटी चुकली असेल तर ती मंजुरीच्या सहीसकट हजार टी-शर्टवर जाते. दुसरं, कर्व्ह केलेल्या देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. पडद्यावर ती सलग दिसते, पण व्हायनल कटर (प्लास्टिकच्या शीटमधून अक्षरं कापणारं मशीन) प्रत्येक तुकडा वेगळा कापतो आणि नावाच्या डोक्यावर जागोजाग चिरा पडतात. म्हणून कर्व्हनंतर ‘वेल्ड’ करायला, म्हणजे तुकडे जोडून एकच आकार करायला, विसरू नका. इंग्रजी अक्षरं सुटी असल्याने त्यांना हा प्रश्न येत नाही. शिकवणीच्या व्हिडिओंत तो सहसा सांगितलेला नसण्याचं कारण तेच असावं.

नावाबद्दलही एक सांगायला हवं. विद्यापीठ २००४ साली स्थापन झालं आणि २०१९ साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव मिळालं. जुन्या नावाच्या फाईली पेन ड्राइव्हमध्ये, दुकानांच्या संगणकांत आणि ‘मागच्या वर्षीसारखंच करा’ या वाक्यात अजून जिवंत असू शकतात. चालू फाईलच्या नावातच वर्ष आणि आवृत्ती लिहा, आणि जुनी फाईल वापरू नये असं संलग्न महाविद्यालयांना लेखी कळवा.

किती लहान म्हणजे फार लहान

‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ हे नाव गोल चिन्हाच्या कडेने लिहायचं ठरवलं, असं समजू या. छातीवरचा गोल ७ सेंमी. अक्षरांची ओळ मध्यापासून ३ सेंमीवर धरली तर त्या वर्तुळाचा परीघ साधारण १८.८ सेंमी येतो. त्यातला दोन तृतीयांश भाग नावाला दिला तर १२.५ सेंमी मिळतात. नावात २१ अक्षरं आणि चार मोकळ्या जागा आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ५ मिलिमीटर. शेजारच्या अक्षरापासूनचं अंतर वजा जाता अक्षराचं अंग ४ मिमीच्या आसपास उरतं.

भरतकामाचा नेहमीचा ४० नंबरचा धागा कापडावर साधारण ०.४ मिमी जागा घेतो आणि सॅटिन टाक्याची (शेजारी शेजारी घातलेल्या आडव्या टाक्यांची) पट्टी १ मिमीहून बारीक केली की ती तुटक दिसते. आता ‘श्लो’ घ्या. अर्धा श, ल, काना, वर मात्रा. चार मिमीत तीन-चार उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये कापड दिसेल एवढी फट ठेवणं शक्य नाही. ‘ण्य’, ‘ल्या’, ‘द्या’ यांचंही तसंच. ही अक्षरं बुजतात म्हणून कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही, गणितच बसत नाही. जोडाक्षरं वाचता यायला भरतकामात अक्षराचं अंग निदान ७ मिमी हवं. ६० नंबरचा बारीक धागा आणि बारीक सुई वापरली तर ५ मिमीपर्यंत उतरता येतं, पण मशीनचा वेग कमी करावा लागतो, धागा जास्त तुटतो आणि दर वाढतो.

म्हणून तीन आवृत्त्या हव्यात. पहिली पूर्ण : नाव, बोधवाक्य, स्थापना वर्ष, सगळ्या बारकाव्यांसह. ती १० सेंमीच्या वरच्या छपाईला, बॅनरला, पाठीला. दुसरी मध्यम : बोधवाक्य आणि वर्ष काढलेलं, रेषा जाड केलेल्या, नाव गोलाच्या बाहेर शेजारी किंवा खाली दोन ओळींत. टी-शर्टच्या छातीवर, पिशवीवर आणि फोल्डरवर हीच वापरावी. तिसरी लहान : फक्त मधली आकृती किंवा फक्त नाव, ३ सेंमीहून कमी जागेसाठी, म्हणजे पेन, की-चेन आणि बटणबॅजसाठी. प्रत्येक आवृत्तीखाली किमान मापही लिहा. नावाचा संक्षेप करायचा असेल तर तोही विद्यापीठानेच ठरवावा. दुकानदाराने केलेला संक्षेप जागेपुरता असतो आणि एखाद्या थोर व्यक्तीच्या नावाची तोडमोड त्याच्या हातून व्हावी हे कुणालाच नको आहे.

या तिन्ही आवृत्त्यांना बहुरंगी, एकरंगी आणि गडद कापडावरची उलटी असे तीन प्रकार लागतात. उलटी आवृत्ती म्हणजे ‘इन्व्हर्ट’चं बटण नव्हे. चिन्हात व्यक्तीचा चेहरा किंवा दिवा असेल तर नुसते रंग उलटवल्याने चेहरा फोटोच्या निगेटिव्हसारखा होतो आणि ज्योत काळी. ती हाताने पुन्हा काढावी लागते.

भरतकाम

चिन्ह मशीनला द्यायचं म्हणजे आधी ‘पंचिंग’ करायचं : कुठला टाका कुठल्या दिशेने, किती दाट, कुठल्या क्रमाने पडेल हे ठरवून डीएसटी फाईल बनवायची. डीएसटीमध्ये रंगाची माहिती भरवशाची नसते, फक्त ‘इथे धागा बदला’ एवढी खूण असते. त्यामुळे फाईलबरोबर धाग्याच्या शेड नंबरांचा कागद गेलाच पाहिजे. नाहीतर दुसऱ्या दुकानात मरूनच्या जागी निळा येतो.

पंचिंग मापासकट असतं. ९ सेंमीसाठी केलेली फाईल मशीनवर ६ सेंमी केली तर टाके तेवढेच राहतात, जागा कमी होते, कापड ताठ होतं आणि सुया मोडतात. दहा टक्क्यांच्या पुढे लहान-मोठं करायचं असेल तर पंचिंग नव्याने करा. शिवाय टाका कापडाला आत खेचतो, त्यामुळे गोल भरताना तो टाक्याच्या दिशेने आक्रसतो. चांगला पंचर त्यासाठी ०.२ ते ०.४ मिमीची भरपाई आधीच देतो. गोल लांबट दिसला तर बहुधा ही भरपाई राहून गेलेली असते, किंवा कापड फ्रेममध्ये ताणून बसवलेलं असतं. होजिअरीचं कापड ताणून भरलं की फ्रेममधून सुटल्यावर ते मूळ मापाला येतं आणि चिन्हाभोवती सुरकुत्या पडतात. त्यावर कट-अवे बॅकिंग लावायचं, म्हणजे मागे कायम राहणारं अस्तर, ज्याची फक्त जादा कड कापायची. फाडून टाकायचा कागद शर्टिंगसाठी ठीक आहे, टी-शर्टला नाही.

पूर्ण भरलेल्या ७-८ सेंमी चिन्हाला तपशिलानुसार ८ ते १२ हजार टाके लागतात. १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या) पातळ टी-शर्टला एवढं ओझं पेलत नाही. तिथे भरीव गोल न भरता बाह्यरेषेची आवृत्ती घ्या, टाके निम्म्यावर येतात आणि कापड मऊ राहतं. भरीव चिन्हच हवं असेल तर २२० जीएसएमच्या पुढचं पोलो कापड घ्या. सहा पाकळ्यांच्या टोपीवर समोरून मधोमध शिवण जाते. बारीक अक्षर त्या शिवणीवर आलं की ते दुभंगतंच, म्हणून टोपीला पाच पाकळ्यांचा नमुना किंवा अक्षरांशिवायची लहान आवृत्ती.

टॉवेल आणि चादर

सोलापूरची म्हणून पाहुण्यांना भेट द्यायची ती हीच वस्तू, त्यामुळे इथे जरा थांबू.

टेरीवर थेट भरतकाम केलं तर लूप टाक्यांमधून वर येतात आणि दोन धुण्यांनंतर चिन्ह गवतात हरवतं. त्यावर उपाय आहे : वर पाण्यात विरघळणारी फिल्म, खाली बॅकिंग, आणि चिन्हाच्या आकाराएवढा विरळ टाक्यांचा थर आधी टाकून लूप दाबून घ्यायचे. पट्ट्या किमान दीड ते दोन मिमी जाड. पण सगळ्यात सोपी जागा म्हणजे टॉवेलची बिनलूपची बॉर्डर. ती साधारण चार ते सहा सेंमी रुंद असते, म्हणून तिथे गोल चिन्ह घुसवण्यापेक्षा आडवी आवृत्ती, डावीकडे आकृती आणि शेजारी नाव, शोभून दिसते. धागा पॉलिएस्टरचा मागा. रेयॉनला चमक जास्त, पण वसतिगृहातल्या ब्लीचपुढे तिचं काही चालत नाही.

चिन्ह विणून हवं असेल तर जेकार्ड, म्हणजे नक्षी मागावरच विणायची पद्धत. इथे लूपची ओळ हाच ठिपका. दर तीन पिकांना (आडव्या धाग्यांना) लूपची एक ओळ येणाऱ्या टेरीत इंचाला ४८ पिक धरले तर लूपच्या १६ ओळी होतात, म्हणजे एक ओळ जवळपास १.६ मिमी. मात्रा आणि उकार असलेलं अक्षर ओळखू यायला उंचीत अशा निदान १५ ते १८ ओळी द्याव्या लागतात, म्हणजे अडीच ते तीन सेंमी. २१ अक्षरांचं नाव एका ओळीत लिहिलं तर ते आंघोळीच्या टॉवेलच्या पन्ह्यात (रुंदीत) नीट बसत नाही. दोन किंवा तीन ओळी करा, बोधवाक्य सोडून द्या.

धुण्यानंतर टेरी आटतं, आणि लांबीत जास्त आटतं. लांबीत ८ टक्के आणि रुंदीत ३ टक्के आटलं तर २० सेंमीचा गोल १८.४ बाय १९.४ सेंमीचा होतो. फरक एकच सेंटिमीटरचा, पण गोल चपटा झालेला लगेच कळतो. म्हणून ग्राफ (विणायच्या नक्षीचा चौकटींचा आराखडा) काढण्याआधी त्याच सुताचा, त्याच घनतेचा नमुना विणून, धुऊन, वाळवून मोजायचा आणि नक्षी लांबीत तेवढी वाढवून घ्यायची. मंजुरी धुतलेल्या नमुन्यावरच द्या. मागावरून उतरलेल्या कोऱ्या तुकड्यावर सही करू नका.

दोन रंगांच्या जेकार्ड टेरीची मागची बाजू उलट्या रंगात येते आणि तिथे अक्षरंही आरशातल्यासारखी दिसतात. सोलापुरी चादरीचंही तेच. ते विणकामाचं अंग आहे, दोष नाही. स्वीकारायचं नसेल तर विणलेल्या चिन्हाऐवजी शिवून लावायचा विणलेला बिल्ला घ्या. जेकार्डला सूत रंगवून घ्यावं लागतं, त्यामुळे पन्नास नगांच्या ऑर्डरीसाठी हा मार्ग परवडत नाही आणि वेळेत दोन-तीन आठवडे वाढतात.

चादरीवर चिन्ह कुठे यावं यावर आमचं स्पष्ट मत आहे. मधोमध नको. मधलं चिन्ह अंगाखाली जातं, पायाखाली जातं. उशाकडच्या कोपऱ्यात घ्या. चादरीवर कोपऱ्यात नाव विणायची रीत या गावात जुनीच आहे, ती कामी येईल. पायपुसणं, आसनपट्टी, मोजे आणि चप्पल यांवर कुठलंच बोधचिन्ह देऊ नये, मग किंमत कितीही कमी पडो.

आणखी एक. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्या गावची चादर घेऊन त्यावर विद्यापीठाचं चिन्ह आणि ‘सोलापुरी’ असा टॅग लावणं हा गावाशी बेइमानीचा आणि कायद्याने अडचणीचा प्रकार आहे. मानांकनाचा टॅग नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्याच्याच मालावर येऊ शकतो. पुरवठादाराकडून त्या नोंदणीची प्रत मागून घ्या.

छपाई

सुती टी-शर्टवर संख्या जास्त असेल तर स्क्रीन प्रिंटिंगच. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन (छपाईची जाळी), म्हणून चिन्हात छटा उतरती असली की खर्च वाढतो आणि रंग सरकायची भीतीही वाढते. मालाच्या आवृत्तीत दोन, फार तर तीन सपाट रंग ठेवा. रेषा ०.५ मिमीहून बारीक नको, आणि गडद भागातून कोरून दाखवायची रेषा ०.७ मिमीहून बारीक नको, कारण शाई पसरून ती बुजवते. गडद कापडावर आधी पांढरा बेस लागतो. तो वरच्या रंगापेक्षा ०.३ मिमी आत घ्यायला सांगा, नाहीतर चिन्हाभोवती पांढरी किनार दिसते.

प्लास्टिसोल शाई (उष्णतेने पक्की होणारी शाई) सुमारे १६० अंश सेल्सिअसला पूर्ण पिकते. व्होल्टेज पडलं की ड्रायर आणि हीट प्रेस दाखवतात तेवढे तापत नाहीत. वरून छपाई छान दिसते, पहिल्या धुण्यात भेगा पडतात. तपासायचं असेल तर छपाई दोन्ही हातांनी ताणून पाहा, तडकली तर कच्ची आहे. घाईच्या ऑर्डरीत गरम शर्ट एकावर एक रचले जातात. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात तो गठ्ठा निवतच नाही आणि छपाया एकमेकींना चिकटतात.

खेळाडूंच्या ड्रायफिट जर्सीबद्दल क्रीडा संचालकांनी खास लक्ष द्यावं. पॉलिएस्टरला दिलेला रंग उष्णतेने वायूसारखा उडतो आणि वरच्या शाईत शिरतो. लाल किंवा मरून जर्सीवरचं पांढरं चिन्ह त्यामुळे गुलाबी पडतं. छापताना हे दिसत नाही, काही तासांनी किंवा दिवसांनी दिसतं, म्हणजे बहुधा माल पोहोचल्यावर. त्यासाठी लो-ब्लीड शाई (कापडाचा रंग वर येऊ न देणारी), खाली करडा अडवणारा थर आणि १३० ते १४० अंशांना पिकणारी शाई लागते. कोटेशनमध्ये हे शब्द नसतील तर ती किंमत साध्या छपाईची समजा. जर्सी फिकट रंगाची असेल तर सगळं सबलिमेशनने, म्हणजे उष्णतेने रंगाची वाफ करून ती कापडात उतरवणाऱ्या छपाईने, करणं उत्तम.

थोड्या नगांसाठी डीटीएफ सोयीचं : फिल्मवर छापून, पावडर लावून, १५० ते १६० अंशांना दहा-पंधरा सेकंद दाबायचं. पण अर्ध्या मिमीहून बारीक रेषेला पावडर धरत नाही, ती धुण्यात सुटते. आणि मोठा भरीव गोल छातीवर प्लास्टिकच्या ठिगळासारखा बसतो, आमच्या उन्हाळ्यात तर घाम धरतो. चिन्हाच्या आतल्या मोकळ्या जागा खरोखर मोकळ्या ठेवायला सांगा.

मगवर सबलिमेशन होतं. त्यात पांढरी शाई नसते, पांढरं म्हणजे मगचाच रंग, म्हणून गडद कोटिंगच्या मगवर तुमचं बहुरंगी चिन्ह उतरणार नाही. मुठीच्या अगदी जवळ छपाई नेऊ नका, तिथे दाब कमी पडून रंग विरतो. पेनावर छपाईची जागा ४० बाय ६ मिमीच्या आसपास, तिथे फक्त नाव. धातूवर लेसर एकच रंग देतो, तिथे एकरंगी आवृत्ती.

रंग

‘आमच्या लेटरहेडवरचा निळा’ हे वर्णन पुरत नाही. प्रत्येक रंगाला पाच आकडे लिहून द्या : छपाईचा पँटोन नंबर (प्रमाणित रंगपुस्तिकेतला), कापडाचा पँटोन नंबर, सीएमवायके (छपाईच्या चार शायांचं प्रमाण), आरजीबी (पडद्यावरच्या रंगाचं प्रमाण), आणि भरतकामाच्या धाग्याचा कंपनीसह शेड नंबर. सूत रंगवायचं असेल तर रंगारी आधी लॅब डिप (रंगवलेला छोटा नमुना) देतो. तो ट्यूबलाइटखाली जुळतो आणि उन्हात वेगळा दिसतो, असं सर्रास होतं. दोन्ही उजेडांत पाहून सही करा. मोबाइलच्या पडद्यावर रंग मंजूर करणं म्हणजे पुढच्या भांडणाची तारीख ठरवणं.

जागा आणि सोबत

डाव्या छातीवर चिन्हाची रुंदी ७ ते ९ सेंमी, खांद्याच्या सर्वांत वरच्या टोकापासून १७ ते २० सेंमी खाली, मध्यरेषेपासून सुमारे १० सेंमी बाजूला. एकच माप एस आणि थ्री-एक्सएलला चालत नाही. एस ते एल एक, त्यापुढे थोडं मोठं, अशी दोन मापं ठेवा. चिन्हाभोवती त्याच्या रुंदीच्या निदान पाव भागाएवढी मोकळी जागा हवी. त्या जागेत प्रायोजकाचं नाव, वर्ष, घोषणा काही नको. प्रायोजक पाठीवर किंवा बाहीवर. चिन्ह लहान-मोठं करताना कोपऱ्याचाच ठोकळा ओढा. बाजूचा ओढला की ते बसकं किंवा लांबट होतं. सावली, सोनेरी कडा, थ्रीडी उठाव हे सगळं बंद.

चिन्हाखाली नॅकची (उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची) श्रेणी छापायची हौस अनेकांना असते. श्रेणीला मुदत असते, मगला नसते. ती मुदत संपल्यावर तोच मग खोटं बोलू लागतो. चार सिंहांची राजमुद्रा तर कुठल्याही मालावर शोभेसाठी घेऊ नका, तिच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे.

परवानगी आणि हक्क

संलग्न महाविद्यालयाने आपल्या टी-शर्टवर आपलं चिन्ह वापरावं. विद्यापीठाचं चिन्ह हवं असेल तर लेखी परवानगी, आणि ती दुकानदाराला दाखवता येईल अशी. हा अर्ज एका पानाचा असावा : वस्तू, नग, विक्री की मोफत वाटप, छपाईचा प्रकार, माप मिलिमीटरमध्ये, नमुन्याचं चित्र, पुरवठादाराचं नाव. उत्तराला मुदत ठरवा, सात कामाचे दिवस पुरेत, आणि परवानगीला क्रमांक द्या. महोत्सवाच्या आदल्या आठवड्यात परवानगी अडकली की विद्यार्थी ती न घेताच छापतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

चिन्हाची ट्रेडमार्क नोंदणी वर्गवार होते. शिक्षणसेवेचा ४१वा वर्ग घेतला म्हणजे कपडे आपोआप त्यात आले असं नाही. कपडे आणि टोप्या २५, टॉवेल-चादर २४, मग २१, पिशव्या १८, वह्या-पेनं १६. ऑनलाइन अर्जाला संस्थेसाठी दर वर्गाला ९,००० रुपये सरकारी शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. वर्तुळातला ‘आर’ नोंदणी मिळाल्यावरच लावायचा, आधी लावला तर कायद्याने दंड होऊ शकतो.

चिन्ह स्पर्धेतून निवडलं असेल तर एक जुना कागद शोधाच : चित्रकाराने हक्क लेखी हस्तांतरित केले आहेत का. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. बक्षिसाचा धनादेश आणि प्रमाणपत्र म्हणजे हस्तांतरण नव्हे.

कोटेशन आणि नमुना

‘लोगोसह टी-शर्ट, नग ३००’ एवढ्यावर तीन कोटेशनं मागवली की सर्वांत कमी दर देणारा बहुधा सर्वांत पातळ कापड आणि सर्वांत कमी टाके देत असतो. कापडाचा जीएसएम, सुती-पॉलिएस्टर प्रमाण, छपाई की भरतकाम, माप, रंगांची संख्या, टाक्यांची संख्या आणि बॅकिंग हे लिहूनच दर मागा. भरतकामाचा दर हजार टाक्यांवर ठरतो, त्यामुळे टाक्यांचा आकडा नसलेल्या दोन कोटेशनांची तुलना होऊच शकत नाही. पंचिंग आणि स्क्रीनचा खर्च वेगळा दाखवायला सांगा, आणि डीएसटी फाईल पैसे दिल्यावर संस्थेची राहील असं ऑर्डरमध्ये नमूद करा. पुढच्या वर्षी दुसऱ्याला काम दिलं तरी चिन्ह तेच राहील.

मंजुरीचा नमुना प्रत्यक्ष त्याच कापडावर, त्याच रंगावर, त्याच मशीनवरचा हवा. तो पाच वेळा धुऊन पाहा. दोन नग सही-शिक्क्याचे करा, एक तुमच्याकडे, एक कारखान्यात. माल आल्यावर प्रत्येक मापाच्या गठ्ठ्यातून वरचे नव्हे, मधले नग काढून त्या नमुन्याशेजारी ठेवा, फूटपट्टीने मोजा.

आणि नापास झालेल्या मालाचं काय करायचं हे आधी ठरवा. सेकंड टॉवेल किलोवर विकला जातो, चिन्हासकट. ऑर्डरमध्ये दोन वाक्यं घाला : नापास नगांवरचं चिन्ह कापून किंवा झाकूनच माल बाहेर जाईल, आणि काम संपल्यावर स्क्रीन धुऊन टाकल्याचं पुरवठादार लेखी कळवेल. जादा छापलेल्या नगांचीही मोजणी द्यायला सांगा. ३०० च्या ऑर्डरीत काही नग जास्त छापावेच लागतात, ते कुठे गेले ते दोघांनाही माहीत असलेलं बरं.

आपले,
सोलापुरातील भरतकाम, छपाई आणि यंत्रमाग व्यवसायातले आम्ही काहीजण